सावकाश आणि तिसरा खण

आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायला जो माणूस येतो, त्याला सगळे सावकाश म्हणतात. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण ते तिथून कधी बाहेर आलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "अहो, किती वेळ लागेल?" तर म्हणाले, "सावकाश होईल." दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारायचं सोडलं आणि त्यांचं नावच ठेवून टाकलं. या कामात माझा हात कुणी धरत नाही.

माझं स्वतःचं काम म्हणजे डोळे रंगवणं. खोटे डोळे. डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी माझं टेबल आहे. शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती घ्यायची आणि तिच्यावर बारीक ब्रशने बुबुळ काढायचं. एक थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. माणसाचा चांगला डोळा समोर असतो, त्याच्याकडे बघत बघत रंग जुळवायचा. लोक म्हणतात, तपकिरी डोळा. अहो, तपकिरी म्हणजे काय एक रंग आहे? माझ्याकडे तपकिरीच्या सत्तावीस बाटल्या आहेत आणि त्या पुरत नाहीत.

हे काम मला शिकवलं आमच्या थोरल्यांनी. चाळीस वर्षं त्यांनी या टेबलावर काढली आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. प्रत्येक डोळ्याची कृती ते कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवायचे. खाली कोणता रंग, वर कोणता, किती थर, कड किती जाड, सगळं. पण ज्या प्रोग्रॅममध्ये लिहायचे, तो इतका जुना की नव्या कॉम्प्युटरवर चालेचना. तेव्हा सावकाशांनी थोरल्यांचं जुनं मशीन आहे तसं उचलून नव्या मशीनच्या पोटात ठेवलं. खरं मशीन भंगारात गेलं, आणि त्याचं व्हर्च्युअल मशीन झालं. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर एक चित्र आहे, ते दाबलं की ते पोटातलं मशीन उठतं आणि समजतं की आपण अजून थोरल्यांच्याच टेबलावर आहोत. मला याची फार गंमत वाटायची.

सावकाशांची खोली जिन्याखाली. खिडकी नाही, एक कपाटाएवढा सर्व्हर, त्याच्या पंख्याची सतत घरघर, एक स्टूल आणि भिंतीला टेकवलेलं फळकूट. त्या फळकुटावर एक वही असते आणि तिच्याशी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. काय उघडलं ते वहीत एकाखाली एक लिहायचं, आणि बंद करताना शेवटच्या ओळीपासून वर वर खोडत यायचं. जे शेवटी उघडलं ते आधी बंद. वहीचं पान पूर्ण खोडल्याशिवाय हा माणूस घरी जात नाही. जेवणाचा डबासुद्धा तसाच. तीन पुडं ओळीने मांडणार आणि भरताना उलट क्रमाने भरणार. त्यांची बायको शाळेचे गणवेश शिवते. एकदा ते चष्मा घरी विसरले म्हणून ती द्यायला आली, तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, घरी पण असेच का हो?" ती म्हणाली, "माझं लग्न झालं तेव्हा असे नव्हते. अकरा वर्षांपूर्वी नोकरी गेली, तेव्हापासून वही आली."

तेव्हा मला कळलं. मोठ्या कचेरीत होते ते. एकदा घाईघाईत एका चालू मशीनची डिस्क त्यांनी बाहेरून उघडली. मशीन आतून लिहीत होतं, हे बाहेरून लिहीत होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. तीनशे माणसांचं काम दोन तासांत मातीत गेलं. त्यानंतर सावकाश सावकाश झाले. एवढं ऐकूनही मी शहाणी झाले नाही. दुसऱ्याच्या अनुभवाने शहाणं होणं माझ्या पत्रिकेत नाही.

आता मूळ गोष्ट.

एका सोमवारी सकाळी टेलिफोनवाल्या मावशी आल्या. टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं लाइनी जोडल्या म्हणून टेलिफोनवाल्या. लहानपणी त्यांचा एक डोळा गेला होता. पुढे नोकरीत असताना त्या इथे आल्या, तेव्हा उरलेल्या डोळ्याकडे बघून थोरल्यांनी पहिला खोटा डोळा केला. मग काही वर्षांनी दुसराही काचबिंदूने गेला. तोही खोटा थोरल्यांनीच केला, पहिल्याची कृती बघून. म्हणजे मावशींचे दोन्ही डोळे थोरल्यांच्या हातचे.

मावशी काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या आणि काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाल्या, "पोरी, एक डोळा बेसिनमध्ये गेला. धुताना हातातून सटकला, आणि पाणी चालू. दुसरा आहे, पण शेजारीण म्हणते तो पिवळा पडलाय. खरं का?"

मी बघितला. पिवळा कसला, पार विटला होता. बावीस वर्षांचा रंग, तो काय राहतोय? त्याच्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

"दोन्ही नवे कर," मावशी म्हणाल्या. "पण माझेच कर. शुक्रवारी माझा भाऊ येतोय. चौदा वर्षं आम्ही बोललो नाही. का ते विचारू नकोस, दोघंही गाढव होतो. आता येतो म्हणाला. त्याने चष्मा काढायला सांगितलं की मला काढायचाय. समोर मी असायला हवी, भलतीच कुणी नको."

मी म्हटलं, "फोटो आहे का मावशी जुना?"

"सगळ्या फोटोत चष्मा. आणि त्याच्या आधीचे फोटो काळे-पांढरे."

"रंग आठवतो?"

"लोक तपकिरी म्हणायचे."

घ्या. सत्तावीस बाटल्या.

पण मला काळजी नव्हती. थोरल्यांची नोंद होती ना. मी मावशींना म्हटलं बसा, चहा घ्या, आणि स्क्रीनवरचं ते चित्र दाबलं. मशीन काही उठलं नाही. पुन्हा दाबलं. काळी स्क्रीन, त्यावर दोन ओळी पांढऱ्या अक्षरांत, आणि ठप्प. तेव्हा मला आठवलं की गुरुवारपासूनच ते आचके देत होतं आणि शुक्रवारी मी कंटाळून सोडून दिलं होतं. मावशी शांतपणे चहा पीत होत्या, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. "शुक्रवारी सकाळी या," एवढंच म्हटलं.

सावकाश मंगळवार-गुरुवार येतात. सोमवारीच मी फोन करून बोलावून घेतलं, आणि तो आठवडा ते रोजच आले. ते आले, खाली गेले, वही उघडली, आणि बराच वेळ वहीकडेच बघत राहिले. मग वर येऊन मला विचारलं, "बाई, गुरुवारी सकाळी तुम्ही मशीन चालू केलं होतं?"

"मग? रोजच करते."

"मी आत होतो."

झालं होतं असं. रंगांच्या कंपनीने बाटल्यांचे नंबर बदलले होते. नवी यादी जुन्या प्रोग्रॅममध्ये घालून द्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. जुनं मशीन नेटवर्कवरून काही घेत नाही, म्हणून त्यांनी ते बंद केलं आणि खालून त्याची डिस्क उघडून यादी आत लिहायला घेतली. तेवढ्यात वरून मी मशीन उठवलं. आतून ते लिहितंय, बाहेरून हे. अकरा वर्षांपूर्वीचंच पुन्हा.

"मला सांगायला नको?" मी म्हटलं.

"चिठ्ठी लावली होती तुमच्या स्क्रीनला."

"कसली चिठ्ठी? मी काय आंधळी आहे?"

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. लख्ख पुसलेली होती. ती मी रोज आल्या आल्या पुसते, तो माझा नेम आहे. "गुरुवारी काढायला आलो तेव्हाही नव्हती. पडली असेल," एवढं बोलून ते खाली गेले. आणि मी काय केलं? तरातरा मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं की या माणसाच्या निष्काळजीपणामुळे थोरल्यांचं चाळीस वर्षांचं काम गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. डॉक्टरांनी सावकाशांना बोलावलं. ते म्हणाले, "चूक माझीच. चिठ्ठीवर भरवसा ठेवायला नको होता, वर येऊन सांगायला हवं होतं." डॉक्टर म्हणाल्या, या महिन्यानंतर आपण दुसरं कुणीतरी बघू. सावकाशांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, बरं झालं.

तरी मंगळवारी सकाळी मी खाली जाऊन त्यांच्या शेजारी दुसरं स्टूल टाकून बसलेच. मावशींसाठी म्हणा, नाहीतर मला चैन पडत नव्हतं म्हणा. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. पोटातल्या मशीनचं पोट फाडून हा माणूस आत शिरणार कसा?

ते म्हणाले, "आधी नक्कल. अस्सल डिस्कला आता कुणी हात लावायचा नाही."

"किती वेळ?"

"दोन तास दहा मिनिटं."

आकडा सांगितला म्हणून मी बघतच राहिले. माझा डोक्याला ताप नको म्हणून सांगितला असणार. त्या दोन तासांत मी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि त्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

मला वाटायचं व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे एक फाइल असते. ते म्हणाले, आपल्याकडे तसं नाही. सर्व्हरच्या सगळ्या डिस्का एकत्र करून त्याचा एक मोठा साठा केलाय. त्या साठ्यातून प्रत्येकाला हवा तेवढा तुकडा कापून द्यायचा. त्या तुकड्याला लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात. थोरल्यांच्या मशीनला असा एक तुकडा दिलाय, आणि ते मशीन त्यालाच आपली अख्खी डिस्क समजतं.

"मग उघडा ना तो तुकडा."

"बाहेरून तो सपाट दिसतो, बाई. सर्व्हरला एवढंच ठाऊक आहे की हा तुकडा अमक्याचा. त्याच्या आत त्या मशीनने स्वतःचे खण पाडलेत, पार्टिशन्स. ते सर्व्हर आपणहून बघत नाही. दुसऱ्याचं कपाट आहे, तो कशाला उघडेल?"

"मग तुम्ही कसे बघता?"

"सर्व्हरला सांगायचं की या तुकड्याचं पहिलं पान वाच. त्यावर खणांची यादी असते, कुठून सुरू, कुठे संपतो. ती वाचून तो प्रत्येक खणाला एकेक दार करून देतो. मग पाहिजे ते दार उघडायचं."

नक्कल झाल्यावर त्यांनी एक ओळ टाइप केली, आणि स्क्रीनवर खरंच तीन ओळी उमटल्या. तीन दारं. त्यांनी वहीत लिहिलं: दारं केली. मग पेन्सिलीने एक गुणाकार केला, त्रेसष्ट गुणिले पाचशे बारा. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "जुन्या मशीनमध्ये पहिला खण त्रेसष्टाव्या घरापासून सुरू व्हायचा, आणि एका घरात पाचशे बारा अक्षरं. दार बरोबर जागी झालंय का ते ताडून बघतो."

"कॉम्प्युटरवर विश्वास नाही तुमचा?"

"आहे. पण ताडून बघितलेला बरा."

पहिला खण छोटा, मशीन उठवण्यापुरता. दुसरा मोठा, त्यातच सगळ्या नोंदी. दुसरा त्यांनी आधी दुरुस्त केला, नकलेवरच, आणि मग फक्त वाचण्यासाठी उघडला. नावांची यादी दिसली. माझा जीव भांड्यात पडला. टेलिफोनवाल्या मावशींचं नाव होतं, आणि नावाखाली कृती होती: गडद मधाळ तपकिरी, तीन थर, बाहेर काळी जाड कड. मी ती कागदावर उतरवली आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर पळाले. संध्याकाळपर्यंत पहिला थर दिलासुद्धा.

बुधवारी सकाळी मी दुसरा थर देत होते, तेव्हा सावकाश वर आले. हातात वही. दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, ब्रश खाली ठेवा."

"का?"

"त्या फाइलीची तारीख बघितली. मावशी पहिल्यांदा इथे आल्या त्याच्या चार वर्षं आधीची आहे. मग मी बाकीच्या दहा-बारा ताडून बघितल्या. नाव एकाचं, डोळे दुसऱ्याचे. सगळी गल्लत झालीये."

मी चकतीकडे बघितलं. इतकं सुंदर बुबुळ उतरलं होतं. कुणाचं कोण जाणे. मावशींना तर कधीच कळलं नसतं. भावाला चौदा वर्षांनी काय आठवणार? दोन दिवस उरले होते. खोटं कशाला बोलू, एक क्षण माझ्या मनात आलं की राहू दे. तपकिरीच तर आहे.

मग मावशींचं ते वाक्य आठवलं. समोर मी असायला हवी, भलतीच कुणी नको. मी चकती डबीत टाकली आणि सगळा राग सावकाशांवर काढला. "तुमची ती दारं, तुमची ती वही, तुमचा तो गुणाकार! काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी!" ते ऐकून घेत उभे राहिले. माझा दम संपल्यावर मला एकदम काहीतरी आठवलं.

"तिसऱ्या खणात काय आहे?" मी विचारलं.

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? तुम्हीच तर हे मशीन इथे आणलंत. इतक्या वेळा आत गेलात."

"तिसरं दार दर वेळी दिसायचं," ते म्हणाले. "पण मला सांगितलेलं काम दुसऱ्यात असायचं. जो खण मशीन स्वतःही उठताना उघडत नाही, तो थोरल्यांनी मुद्दाम वेगळा ठेवलेला असणार. दुसऱ्याच्या घरात न सांगितलेला खण उघडू नये."

मला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं हा माणूस एका दारासमोरून जातोय येतोय, आणि आत काय आहे हे बघावंसंही वाटलं नाही? मी असते तर पहिल्याच दिवशी नाक घातलं असतं.

"आता उघडा," मी म्हटलं.

"परवानगी कुणाची?"

"माझी. मी त्यांची शिष्या आहे. त्यांनी मला शिव्या घातल्यात, ब्रश फेकून मारलाय, माझ्यापासून काय लपवायचं राहिलंय?"

हे त्यांना पटलं असावं. आम्ही खाली गेलो. त्यांनी वहीत लिहिलं: तिसरा. मग दार उघडलं, फक्त वाचण्यासाठी. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

आत एकच फोल्डर. त्याचं नाव 'शनिवार'. त्यात शेकड्यांनी फाइली, वर्षवार लावलेल्या. थोरले दर शनिवारी आठवड्याच्या सगळ्या नोंदींची एक नक्कल या खणात ठेवत होते आणि खण बंद करत होते. कुणाला बोलले नव्हते. मलाही नाही.

"शाबूत आहेत?" मी विचारलं.

"गुरुवारी हा खण तुम्हीही उघडला नव्हता आणि मीही नाही. याला धक्का लावणार कोण?" तरी त्यांनी पंधरा फाइली उघडून तारखा ताडल्या, सावकाश, एकेक करून. मी नखं कुरतडत बसले. मग मावशींची उघडली. तारीख बरोबर.

कृती अगदीच वेगळी होती. फिकट तपकिरी, चहात दूध जास्त झाल्यासारखा. बाहेरची कड राखाडी, अगदी बारीक. आणि खाली थोरल्यांनी वेगळी ओळ घातली होती: खऱ्या डोळ्यात घड्याळाच्या चारच्या आकड्यावर एक पिवळा कण आहे, मोहरीहून लहान. हा विसरायचा नाही. विसरला तर बाई दुसरीच दिसते.

मी मावशींना फोन लावला. मुद्दाम काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "मावशी, तुमच्या डोळ्यात काही खूण होती का?"

त्या म्हणाल्या, "भाऊ चिडवायचा. म्हणायचा, हिच्या डोळ्यात साखर पडलीये. मी विसरूनच गेले होते बघ. तुला कुणी सांगितलं?"

"थोरल्यांनी," मी म्हटलं, आणि फोन ठेवून ब्रश उचलला.

बुधवार आणि गुरुवार मी टेबलावरून उठले नाही. दोन्ही बुबुळं काढली, वर पारदर्शक थर चढवला, पांढऱ्या भागात लाल रेशमाचे तंतू बसवले, शिरा दिसाव्यात म्हणून. तो पिवळा कण काढायला एका केसाचा ब्रश लागला. गुरुवारी दुपारी शेवटची झिलई करायची राहिली. त्यासाठी मऊ फ्लॅनेल लागतं. माझं रोजचं फ्लॅनेल रंगाने माखलं होतं, म्हणून खणातून दुसरं काढलं. स्क्रीन पुसायची माझी फडकी आलटून पालटून असतात, हे गेल्या गुरुवारचं, त्यानंतर दुसरंच वापरत होते. घडी उलगडली तर आत काहीतरी चिकटलेलं.

पिवळी चिठ्ठी होती. पेन्सिलीने लिहिलेलं, एकेक अक्षर सुटं: बंद आहे. चालू करू नका. मी आत आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी आल्या आल्या, माझा तो रोजचा नेम. पुसता पुसता चिठ्ठी फडक्यात गेली, फडक्याची घडी झाली, घडी खणात गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चार दिवस त्या माणसाला घालून पाडून बोलत होते आणि चिठ्ठी माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर होती.

मी ती एप्रनच्या खिशात घातली. गेले का लगेच डॉक्टरांकडे? नाही गेले. तक्रार करायला दोन मिनिटांत पोचले होते, पण आता पाय उचलत नव्हता. घरी जाताना जिन्याखालच्या खोलीवरून गेले. सावकाश आपलं सामान एका खोक्यात भरत होते. चष्म्याचं घर, एक मग, जुन्या वह्या. महिना संपायला तीनच दिवस होते. मी मान खाली घालून निघून गेले.

शुक्रवारी अकरा वाजता मावशी आल्या. सोबत भाऊ. मावशींसारखाच उंच, केस पांढरे झालेले, टोपी हातात. दोघं अजून नीट बोलत नव्हते, हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. मी मावशींना आतल्या खोलीत नेलं, डोळे बसवले, पापण्या नीट केल्या. त्यांची नोंद हरवली होती आणि सावकाशांनी ती शोधून काढली, एवढं त्यांना बसवता बसवता सांगितलं. "जमलेत का ग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ते मी नाही सांगायचं."

बाहेर आल्यावर त्या भावासमोर उभ्या राहिल्या आणि चष्मा काढला. तो बघत राहिला. मग जवळ आला, आणखी जवळ, आणि म्हणाला, "तुझ्या डोळ्यातली साखर अजून गेली नाही ग?"

मावशींनी काठी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. आवाज ऐकून मोठ्या डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही डोळे पुसले. खऱ्या डोळ्यांचं हे बरं असतं.

मग मावशी म्हणाल्या, "हे ज्याने शोधून काढलं त्याला बोलवा. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

मी सावकाशांना वर बोलावलं. ते आले, हातात वही, अवघडून उभे राहिले. मावशींनी विचारलं, "अहो, पण नोंद हरवली कशी होती?"

सावकाश म्हणाले, "माझ्या चुकीने. मी आत असताना मशीन चालू झालं. मी नीट सांगून ठेवलं नव्हतं."

डॉक्टर ऐकत होत्या. मावशी ऐकत होत्या. माझा हात खिशात होता.

"ठेवलं होतं," मी म्हटलं, आणि चिठ्ठी काढून मोठ्याने वाचली. बंद आहे. चालू करू नका. मी आत आहे. "माझ्या स्क्रीनला लावली होती. मीच पुसताना काढली, मीच मशीन चालू केलं, आणि मीच जाऊन यांची तक्रार केली. कालपासून ही माझ्या खिशात आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठी घेतली, वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती सावकाशांच्या हातात दिली. "खोकं भरलं असेल तर रिकामं करा," त्या त्यांना म्हणाल्या. माझ्याशी काय बोलायचं ते नंतर बोलल्या, दार लावून, आणि ते मी इथे सांगणार नाही.

सावकाशांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. तो यायलाच हवा होता. त्यांनी वही उघडली, आठ दिवस मागे गेले, आणि ते पान मला दिसलं. सगळ्या ओळी खालपासून वरपर्यंत खोडलेल्या. सगळ्यात वरची एकच तशीच होती: वर चिठ्ठी लावली.

"ही राहिली होती," ते म्हणाले, आणि दोऱ्याची पेन्सिल ओढून त्यांनी ती ओळ खोडली.